आऊट

रात्री दीडला तस्लीमचा फोन वाजला.
मला वाटलं, शेडला आग.
ती अंधारातच म्हणाली, "अब्बा, पेटला."
तीन वर्षं गप्प बसलेला तारा.
वरची दुर्बीण हातातली कामं टाकून तिकडं वळवली म्हणे,
आठवड्याभरात विझायचा.

सकाळी उद्यमनगरात पंपाचा शाफ्ट चढवता चढवता
मी विचारलं, केवढा गं?
"शिरोली नाक्यापासून कागलपर्यंत. एवढाच गोळा."
आरपीएम?
तिनं माझ्या बिलबुकाच्या पाठीवर गुणाकार केला:
चोवीस हजार साठ.
माझा हात आपोआप चकापासून लांब गेला.
कुठल्या बेअरिंगवर, पोरी?
"कशावरच नाही."

ती दुर्बीण त्याचा फोटो काढत नाही.
गेटवरच्या वॉचमनगत नुसती नोंद करते:
एक किरण आला, अमुक वाजता.
आणखी एक. सेकंदाचे लाख तुकडे करून.
मधेच पृथ्वी आड येते, पानं कोरी,
आमच्या सोमवारसारखी.
तिकडं जॉब फिरतोच आहे.

"मग या आकड्यांची घडी घालायची.
बरोबर मापानं दुमडलं तर उंचवटा येतो,
केसभर चुकलं की सगळं सपाट."
हे मला कळलं.
आटे पाडताना डायलची रेघ जुळली
तरच टूल जुन्या घळीत उतरतं,
नाहीतर आट्यावर आटा, माल भंगारात.

माझा आज्जा पायानं चाक फिरवून विळ्यांना धार लावायचा.
ठिणगीच्या रंगावरनं पोलाद सांगायचा,
हात न लावता.

पण उंचवटा का येतो?
"तापलेला डाग मधोमध नाही, अब्बा,
आसापासून जरा सरकलाय.
बरोबर आसावर असता
तर फिरतोय हे कुणाला कळलंच नसतं."
म्हणजे आऊट आहे.
ती हसली. "हो. आऊट."

चाळीस वर्षं मी डायल गेज लावून
लोकांचा आऊट काढतोय, दोन थाऊपर्यंत.
हिचा सगळा प्रबंध आऊटवर उभा.

ती विद्यापीठाच्या बसला गेली.
मी चक हातानं फिरवला.
काटा थरथरला, परत आला, थरथरला.
हातोडी उचलली होती, ती ठेवली.
तसाच बघत बसलो.

मग पार्टीचा फोन:
शिकलगार, झालं का?