बेरी तोलायचा काटा

स्वयंपाकघरात लिंगनबेरी तोलायचा काटा आहे.
त्यावर आर्वोने एकदा आपली सहाशेची लेन्स आडवी ठेवली.
काटा थरथरला, तीन किलो आठशेवर थांबला.
मग मी माझा कन्व्हर्टर ठेवला:
काळी, चपटी डबी. तीनशे तीस ग्रॅम.
मुठीत झाकली तर शेजारणीलाही कळू नये.

"सहाशे ते सहाशे," आर्वो म्हणाला.
"तीनशे दुणे सहाशे," मी म्हणाले.
पाढ्यापुरते दोघेही बरोबर.

त्याची लेन्स म्हणजे तळ्यापलीकडचा बर्चचा तुकडा,
विकला त्याने. आता वारा तिकडचा असला
की दुसऱ्याच कुणाची करवत ऐकू येते.
त्याबदल्यात केस न् केस सुटा दिसतो, हे कबूल.
माझ्या फोटोतली जनावरं
नुकतीच धुऊन वाळत घातलेल्या लोकरीसारखी.

कन्व्हर्टर फुकट काही देत नाही.
अंतर निम्मं करतो,
उजेडाचे चार वाटे करतो
आणि तीन स्वतःकडे ठेवतो.
तेही सप्टेंबरात, कुह्मोच्या रानात,
जिथे दुपारच मुळी संध्याकाळसारखी उगवते.

त्या रात्री आम्ही दोघं लपणात.
समोर दलदल, मग पाइनची रांग, मग सरहद्द.
ऐंशी मीटरवर सामनची डोकी पुरलेली, वुल्व्हरिनसाठी.
आर्वोची लेन्स तिपाईवर,
गाभण गाईसारखी सगळी जागा अडवून.
माझी मांडीवर.

वुल्व्हरिन आलाच नाही.
आधी वास आला, ओल्या घोंगडीचा.
मग फळी करकरली, आमच्याच भिंतीची.
मग झरोका काळा झाला.

चार हातांवर अस्वलाचं नाक.

आर्वोची लेन्स घुरघुरली, पुढे गेली, मागे आली.
साडेचार मीटरच्या आत
तिच्या लेखी जगच नाही.
माझ्या तीनशेच्या लेखी आहे,
आणि कन्व्हर्टर तेवढं मात्र मोडत नाही:
दूरचं ओढून आणतो, जवळच्याला हात लावत नाही.
बोटांनी कडं फिरवलं. श्वास धरला.
एकदाच दाबलं.

जे आलं ते असं:
काळोखात रव्यासारखे दाणे,
अर्धी नाकपुडी,
आणि ओठाला चिकटलेलं
लिंगनबेरीचं एक पान.
स्पर्धेला पाठवण्यासारखं काही नाही.

आर्वोने लेन्सवरून मान वर काढली होती
आणि नुसत्या डोळ्यांनी बघत होता.
त्याला काय दिसलं ते त्याने सांगितलं नाही.
घरी येईपर्यंत बावीस किलोमीटर
तो फक्त गिअर बदलत होता.

काल बेरी तोलताना पाहिलं,
काट्यावर माझी डबी. शेजारी तो, हात मागे बांधून.
"हा माझ्या सहाशेला बसतो का गं?"

बसतो, म्हटलं.
बाराशे होतील.
उजेड मात्र तुझ्या पदरचा जाईल.