गंज

सोमवारी टॅम्सिननं सांगितलं, सप्टेंबरपर्यंत
सगळ्यांनी नवी भाषा शिकायची. नाव रस्ट.
म्हणजे गंज, मी मनातल्या मनात.

माझी ही अकरावी. त्यातल्या चार वारल्या,
दोघी रस्त्यात भेटल्या तर ओळख देणार नाहीत.
कोबोल तेवढी टिकून आहे थोरल्या जावेसारखी:
बोलते कमी,
आणि तिजोरीची किल्ली तिच्याच कमरेला.
महिनाअखेरीस साठ हजार पेन्शनी अजून तीच वाटते.

कुंपणापलीकडे प्रुएट, वय ब्याऐंशी.
स्विंडनच्या रेल्वे कारखान्यात जिथं ते रिव्हेट ठोकायचे
तिथं आता बुटांवर चाळीस टक्के सूट.
गंज? ते हसले.
आमची हयात गेली तो खरवडण्यात,
आणि तुला तो शिकायचा पगार देतात?

वाफेची इंजिनं संपल्यावर तुम्ही डिझेल शिकलात?
शिकलो की. सर्टिफिकेट असेल माळ्यावर.
मग?
मग कारखानाच गेला.
घेवड्याच्या वेलाला काठी बांधता बांधता म्हणाले,
डिझेलचा वास मात्र मला आवडायला लागला होता.

रात्री धडा तिसरा, मालकी.
एकदा दुसऱ्याच्या हाती दिलेली चीज
पुन्हा वापरायला गेलं की कंपायलर अडवतो:
ही तू देऊन टाकलीस. आता तुझी नाही.
लाल अक्षरांत, पण न रागावता,
कुठल्या ओळीत दिलीस तेही दाखवून.
इतकं स्पष्ट मला कुणी बजावलं नव्हतं,
अकोल्याचं घर विकताना
किंवा निशिगंधाला ग्लासगोच्या गाडीत बसवून देताना.

शिकत राहावं का, मला खरंच ठाऊक नाही.
एक्कावन्नाव्या वर्षी डोक्यात शिरतं ते रात्री,
सकाळी पुन्हा पाटी कोरी.
जुन्या प्रोग्रॅमच्या चारशे बाराव्या ओळीत
एक दिवस जास्त मिळवलाय.
का, ते फक्त मला माहीत.
कुठं लिहून ठेवलेलं नाही, आणि तो आळस नव्हता,
हे टॅम्सिनला कळलंय बहुतेक.
काल लिहून काढलं. वहीत. मराठीत.

आईचा फोन आला. काय चालू हाय?
नवीन गंज आलाय, म्हटलं, त्याचंच चाललंय.
आमच्या वऱ्हाडात गंज म्हणजे मोठं पातेलं,
वरण शिजवायचं.
किती मानसाईचा?

साठ हजार, म्हटलं.