मागची फिल्म

धंतोली. दुपारचे अडीच. कूलरची घरघर भिंतीपलीकडे,
आत माझ्या खोलीत दोन पडदे तेवढे उजळलेले.
बाहेर सेहेचाळीस. खिडकीला मी काळा कागद लावलाय.
या कामाला ऊन चालत नाही.

देवकाबाई हेडाऊ, अठ्ठावन्न, गोळीबार चौक.
गाठ नाही. दुखत नाही.
निकितानं कागदावर लिहिलंय : सून घेऊन आली म्हणून आल्या.

डावा, उजवा. वरून, तिरका.
चरबी काळी, ग्रंथी पांढऱ्या,
आणि त्यांतून स्तनाग्राकडे निघालेले धागे,
सगळे एका वाटेनं,
बुधवारच्या बाजाराला निघालेल्या बायांसारखे.
डावीकडे, वर, काखेच्या अंगाला
चार-पाच धागे मात्र बाजाराला जातच नाहीत.
मध्येच एका ठिकाणी वळलेत.
तिथे गोळा नाही. सांडलेल्या साखरेसारखे
चुन्याचे कण असतात कधी, तेही नाहीत.
नुसती ओढ.
आतून कुणी चिमटीत धरल्यासारखी.

मी डोळे मिटते, उघडते.
उजव्याशी ताडून पाहते.
निकिताला सांगते, पुन्हा घे, त्याच जागी दाब देऊन.
धागे हलत नाहीत.

देवकाबाईंना आत बोलावून पडदा दाखवते.
सहसा दाखवत नाही.
त्या चष्मा पुसतात, अगदी जवळ जातात,
बोट काचेला न लावता नेमकं तिथंच थांबवतात.
"मागावर असंच होते न जी मॅडम.
धागा कुठं तरी अडकते. भोक नाही पडत,
पण कापड त्या जागी रुसून बसते.
गिऱ्हाइकाले नाही दिसत. आमाले दिसते."
तीस वर्षं लुगडी विणली त्यांनी.
मला या खुर्चीत अकरा झाली.

मग सून पिशवीतून काढते गांधीबागेतल्या दुकानाची
साडीची पिशवी, तिच्यात जुनी फिल्म.
"दोन वर्षांआधी शिबिरात काढली होती, काही नाही निघालं."
सोबत रिपोर्ट, घडीवर फाटलेला.
विशेष काही नाही.
खाली सही. माझी.

जुन्या व्ह्यूबॉक्सची ट्यूब दोनदा फडफडते, मग लागते.
डावा, वर, काखेच्या अंगाला :
दोन धागे. कदाचित तीन.
आज दिसतात म्हणून दिसतात,
की तेव्हाही दिसत होते?
त्या दिवशी बहात्तर बायांच्या फिल्म होत्या.
हे कारण नाही.
थोडं आहे.

सुई टाकल्याशिवाय याला नाव देता येत नाही,
जुना व्रणही असा ओढतो कधी कधी.
हे मी सांगते. दोनदा सांगते.
सून विचारते, "पण लवकर सापडलं न?"
लवकर हा शब्द
माझ्या जिभेवर येऊन बसतो, उतरत नाही.

मी टाइप करते : मागील फिल्मशी ताडून पाहता
ही खूण तेव्हाही सूक्ष्म रूपात होती.
'होती' खोडते. 'असावी' लिहिते.
'असावी' खोडते.
होती.

देवकाबाई पदर नीट करून दाराशी थांबल्यात.
टेबलावर माझा डबा, झाकण न उघडलेला.
"तीन वाजून राहिले न बाप्पा.
जेवून घ्या मॅडम. मंग पाहा बाकीच्याईचं.
उपाशी डोयाले काय दिसन?"