दात किती वर

मेस्त्रींनी पहिले आठ दिवस मला पात्याजवळ फिरकू दिलं नाही.
भुसो भर, म्हणाले. वास घे.
किंजळीचा तुरट, फणसाचा गोडसर,
आणि आंब्याच्या लाकडाला आंब्याचा वास येत नाही
हे जामसंड्यात जन्मून मला एकोणिसाव्या वर्षी कळलं.

बाहेर कलमांना मोहोर, आत पेट्यांची घाई.
होळीआधी चारशे हव्यात, मुणगेकरांचा रोज फोन.
आणि हा माणूस पातं वर घेतो, खाली घेतो,
फळी शेजारी धरून डोळा बारीक करतो:
"दात लाकडाच्या वर तांदळाच्या दाण्याएवढो. जास्ती कित्याक?
लाकूड कापूचा हा, आभाळ नाय."

नवव्या दिवशी बांगड्या काढल्या.
ओढणी घरी.
कणकवलीहून मुद्दाम आणलेले हातमोजे
त्यांनी खुंटीला टांगले, अजून तिथेच आहेत.
"दात मोज्याक धरता, मोजो हाताक धरता."

मग उभं कुठे राहायचं.
एवढ्याशा गोष्टीला अख्खी सकाळ गेली.
पात्याच्या रेषेत नाही, जरा डावीकडे,
महादेवाच्या देवळात
नंदी आणि पिंडीच्या मधे आपण येत नाही, तसं.

सावर ओली होती.
कापता कापता मागे मिटत आली,
पात्याला चिमटा बसला
आणि फळी उलटी सुटली.
मी ती पाहिली नाही, फक्त ऐकली.
मागच्या चिऱ्यात बोटभर खड्डा.
त्या रेषेत एक स्टूल होतं, स्टुलावर मेस्त्रींचा चहा,
वरून फळी गेली, चहा हललासुद्धा नाही.
मेस्त्री बोलले नाहीत.
पात्यामागची पोलादी पट्टी,
जी कापलेली फट मिटू देत नाही,
जी घाईत कोणीतरी काढून ठेवली होती,
ती भुशातून शोधली, पुसली, परत बसवली.
कोणीतरी म्हणजे मीच.

लाईट गेली की सगळे सैल होतात.
हात आपोआप पुढे जातो
अडकलेली ढलपी काढायला.
"बटन बंद केलंस?"
अंधारातून आवाज.
"लाईट सांगान येणा नाय."
बटन. मग प्लग. मग वाट बघायची.
पातं आधी थांबल्यासारखं दिसतं,
थांबतं नंतर.
त्याची घरघर उतरत जाते,
बंदरात शिरताना ट्रॉलरचं इंजिन उतरतं तशी,
आणि मग एकदम समोरच्या पिंपळावरचे कावळे ऐकू येतात.

आता पुठ्ठ्याचे खोके आले.
पेट्या कमी, चौकटी जास्त, मधेच एखादा पाळणा.
मेस्त्रींना मोतीबिंदू.
पडवीत खुर्ची टाकून बसतात
आणि मशीनच्या सुरावरून मला हाक मारतात:
"रेटतंस गो. लाकडाक जाऊं दे."
दर वेळी खरं असतं, याचाच राग येतो.

नवा पोरगा इनास,
हात चपळ, म्हणून मला भीती वाटते.
शेवटची वीतभर फळी तो बोटांनीच पुढे सारू बघतो.
मी ढकलकाठी पुढे करते,
फणसाची, टोकाला खाच,
मेस्त्रींनी माझ्यासाठी एका रविवारी तासलेली.
तो म्हणतो, ताई, ही कुरतडलीय सगळी, नवी करूया?
करू.
आधी खुणा मोज.

तो काठी उजेडात धरतो, दातांच्या खुणांवरून नख फिरवतो,
ओठ हलवत मोजतो, मधेच चुकतो, परत सुरू करतो.
सतरा.
मग काठी काखेत धरून
स्वतःचे दोन्ही पंजे उलटसुलट बघत राहतो.

पडवीतून म्हातारा ओरडतो,
"मशीन कित्याक थांबली गो?"