ट्रोकन

टिळकवाडीच्या सुपरमार्केटात
तांदूळ-डाळी ओलांडून, फिनेलच्याही पलीकडे
काचेआड एक गार खोली केलीय आता.
मी गुडघ्यावर हात टेकून खाली वाकतो.
डोळ्यांच्या उंचीला मांडलेलं
नेहमी दुकानदाराच्या फायद्याचं असतं.

सगळ्यात खालच्या फळीवर
लांब मानेच्या, पडक्या खांद्यांच्या हिरव्या बाटल्या,
धूळ बसलेल्या. लाल पट्टी : आठशे नव्वद.
फ्रान्सवाल्या वर अडीच हजाराला बसल्यात.
ह्यांना कुणी हात लावत नाही,
लेबल वाचता येत नाही म्हणून.
देसूरच्या फाटकाशी उभं राहावं
आणि मालगाडी संपूच नये,
तसा त्यातला एकेक शब्द.

मला एकच येतो. ट्रोकन.

उद्यमबागेत, कोअर वाळवायच्या भट्टीवर
बटणाखाली पत्र्यात कोरलेला होता.
बत्तीस वर्षं तो दाबून पोट भरलं.
इराप्पा मुचंडीनं पहिल्याच आठवड्यात
त्याच्याखाली खडूनं कानडीत लिहिलं, ओण.
मी त्याच्याखाली, सुकं.
बाहेर त्या वर्षी पाट्यांना डांबर फासत होते.
आमच्या पाटीला कुणी हात लावला नाही.
तापलेली होती.

तर सुकी घ्यायची. साखर मला बंद आहे.
शब्द सापडला नाही तर टक्का बघायचा :
आठ-नऊ म्हणजे गोडी शिल्लक राहिलीय,
बारा म्हणजे बहुतेक जळाली.
आणि झाकण फिरकीचं हवं,
बूच काढायचा स्क्रू आमच्या घरात
जन्मात आला नाही.

बिलावरची पोरगी बाटली उलटीपालटी करते,
“अज्जा, इदु ज्यूस एनु?”
मी म्हणतो, होय बाई, वाळूचा.

रात्री स्टीलच्या पेल्यात.
इंदुमती एक घोट घेते, तोंड वाकडं करते,
“कच्च्या आवळ्याचं पाणी आहे हे.”
मग सुक्या मटणाचा तुकडा. मग थोडं थांबून
पेला न बोलता पुढे सरकवते.

साडेनऊला बैलहोंगलला फोन लावला.
इराप्पाला आता ऐकू कमी येतं,
नावंही विसरतो, परवा मुलाचंच विसरला.
काय सांगावं सुचेना, म्हणून नुसतं ओरडलो,
ट्रोकन!
पलीकडं बराच वेळ पंख्याचा आवाज.
मग एकदम, चिडून,
“बंद कर की मग!
कोअर करपतील.”