झाडाझडती

दिवा लावायच्या आधी
आमच्या पडवीत झाडाझडती असते.
पहिला संकासूर. काळाकुळीत कुत्रा, म्हणून ते नाव,
आणि काळ्यावर काळं शोधायचं म्हणजे
अवसेच्या रात्री करवंदं वेचायची.
डोळ्यांचं काम नाही ते, बोटांचं.
कानाच्या घडीत, पंजाच्या बेचक्यात, शेपटीच्या मुळाशी,
आणि गळपट्ट्याखाली, तिथे तर हमखास
भाडं बुडवणाऱ्या बिऱ्हाडकरूसारखी
फुगून बसलेली एखादी गोचीड.

सासरे ती दोन नखांत धरून पुटकन फोडायचे.
नाहीतर विडीचं जळतं टोक टेकवायचे,
आणि आम्ही पोरींसारख्या हसायचो.
मग धाकटी जाऊ, हेमांगी, माहेरच्या बागेत
काजूखाली बोंडं वेचून आली आणि पडली.
सतरा दिवस बांबोळीच्या खाटेवर.
कागदावर लिहून आलं : माकडताप.
घरी आली तेव्हा फणीत मूठमूठ केस येत होते तिच्या.
तेव्हापासून आमच्या घरात
फोडणं बंद. डाग देणं बंद. हसणंसुद्धा.

आता माझ्याकडे चिमटा आहे.
लेकीचा, भुवया कोरायचा, गुलाबी,
पुण्याला जाताना ती विसरली, मी कळवलं नाही.
अगदी कातडीला लागून, तोंडाशी धरायचं.
पिळायचं नाही, हिसका नाही,
सरळ वर, सावकाश,
उसवताना एकेक टाका काढतात तसं.
करवंटीत साबणाचं पाणी. टुपुक.
मग हात धुवायचे, कोपरापर्यंत.

निगुडकर डॉक्टर महिन्याला एक नळी देतात,
कुत्र्याच्या खांद्यांमध्ये, केस बाजूला करून ओतायची.
वर बजावतात, कुत्र्याचं औषध मांजराला चुकूनही नको.
आमची सोनकी हे ऐकते आणि
चुलीमागे निघून जाते.

सगुणने घराभोवती सहा हात पातेरा ठेवला नाही.
घाणेरीची जाळी तोडली, हात रक्ताळले.
लाकडांची रास पडवीला टेकून असायची, ती पार माडांखाली नेली,
आता पावसात मीच तिथवर पळायचं.
कोंबड्या मदत करतात म्हणे.
आमच्या फक्त अळू उकरतात.

बागेत जाताना मी त्याचे जुने फुलशर्ट घालते,
पायमोजे लेंग्यावर ओढून,
आशाताईंच्या बाटलीतलं तेल घोट्यापासून चोळून.
समोरची मच्छीवाली म्हणाली,
"गे बाय, दशावतारात खयचा सोंग घेतलंस?"
परतल्यावर ते सोंग थेट उकळत्या पाण्यात.

आणि शेवटी आम्ही दोघं.
विजेरी त्याच्या दातांत, चिमटा हातात.
कानामागे, काखेत, केसांच्या कडेला, कमरेच्या नाडीच्या वळावर.
लग्नाला सव्वीस वर्षं झाली. इतका वेळ
त्याने माझ्याकडे कधी बघितलं नव्हतं,
आणि आता बघतोय ते
खसखशीएवढं किडूक शोधायला.

परवा त्याचा हात पाठीवर थांबला.
चिमट्याचं गार टोक टेकलं, मग उचललं गेलं.
विजेरी हातात घेऊन म्हणाला,
"हलू नको. हो तीळ कधीपासून आसा?"
"माका काय म्हायत? माझे डोळे पाठीक आसत?"
तो काही बोलला नाही.
अंगठा मात्र होता तिथेच,
जरा जास्त वेळ.

तेव्हापासून झाडाझडती तिथूनच सुरू होते.
"गोचीड नाय," तो म्हणतो,
म्हणजे तीळ जागेवर आहे.
मला तो अजून दिसलेला नाही.
आरशाकडे पाठ करून मान वळवली तर
कोपऱ्यातून संकासूर बघत असतो,
आपली पाळी झाली तरी
पुन्हा कान पुढे करून बसलेला.