लोमविगान

क्लाक्सविक, डिसेंबर. दुपारी तीनलाच काळोख.
मासळी-लिलावाच्या कचेरीत, वरच्या मजल्यावर,
जिथे सर्व्हरच्या उबेला कोणीतरी मोजे वाळत घातलेत,
सुन्वा एकटी.
नवी डिस्क आजच पार्सलने आली.
तिने ती खाचेत सरकवली, यंत्र पुन्हा सुरू केलं.

यंत्राची रीत पंगतीची.
जो आधी हात वर करील, तो पहिल्या पाटावर:
एसडीए, एसडीबी, एसडीसी.
ही नावं नव्हेतच, नुसते पाट.
काल जो पहिल्यावर होता
त्याला आज जाग यायला क्षणभर उशीर होतो
आणि तो दुसऱ्यावर बसतो, कुरकुर न करता.
खाली हिशेबनिसाच्या विंडोजमध्ये तर
मोजणीच सी-पासून.
ए आणि बी फ्लॉपी होत्या, कधीच्याच गेल्या;
त्यांच्या पाटावर अजून सहसा कोणी बसत नाही.

सुन्वाने आदेश लिहिला:
एसडीबीवर शून्यं ओत, शेवटापर्यंत.
एंटरवर बोट.
आणि का कोण जाणे, आधी यादी मागवली.
दोन टेराबाइट.
नवी तर चारची होती.

बोट मागे आलं.
घशाला कोरड. खाली बर्फाचं मशीन खडखडत राहिलं.
यंत्राने विचारलं नसतं, खरंच का म्हणून.
त्याच्या लेखी मालक म्हणजे
ज्याला पासवर्ड ठाऊक तो.

दोनवाली ती तुम्मसची.
तुम्मस मार्चमध्ये गेला. त्याने घातलेले बांध तसेच आहेत:
पहिला तुकडा लिलावांचा, दुसरा हिशेबांचा.
बांध घातला म्हणून तबकडी दुभंगत नाही,
सातबाऱ्यावर वेगळं, मातीत एकच.
आणि एक तिसराही होता,
ज्याच्याकडे जाणारी वाट कुठल्याच फायलीत नव्हती.
यंत्र रोज उठताना त्याच्यावरून जायचं,
बंद घरावरून पोस्टमन जातो तसं.
त्यावर पाटी होती: लोमविगान.

लोमविगान बोट होती, तुम्मसच्या मेव्हण्याची.
आइसलँडला विकली. तिकडे निळी रंगवली, दुसरं नाव दिलं.
एकदा दुरुस्तीसाठी इथेच आली तेव्हा
तुम्मस इंजिनापाशी उतरून नंबर वाचून आला.
“तीच आहे,” एवढंच म्हणाला, आणि कॉफी ओतली.

प्रत्येक तुकड्याच्याही कपाळी असा नंबर असतो,
बत्तीस अक्षरी, तोंडाने म्हणता न येणारा.
पाट बदलो, केबल बदलो, यंत्र बदलो,
तो तोच.
पुसलं तरच जातो.

सुन्वाने एक रिकामा फोल्डर केला
आणि तिसरा तुकडा त्याला जोडला.
आत आवाज. बंदराच्या रेडिओचे, एकेका रात्रीचे.
वारा, खरखर, कोणीतरी बर्फ मागतंय,
कोणीतरी विचारतंय धक्क्याला जागा आहे का,
आणि तुम्मस: “ये. तिसऱ्या खुंटाला बांध.”

पहाटे तिने तुकडा सोडवायला घेतला.
यंत्र म्हणालं, व्यस्त आहे.
तिने आवाज बंद केले, खिडक्या मिटल्या.
व्यस्त आहे.
आत कोण बसलंय, विचारलं,
तर यादीत एकच ओळ, तिच्याच नावाची.
तिचाच टर्मिनल, मध्यरात्री त्या फोल्डरात शिरलेला,
बाहेर पडायचा राहून गेलेला.

बाहेर पडायला दोन अक्षरं लागतात आणि दोन टिंबं.
तिला ठाऊक आहे.
खाली पहिली बोट धक्क्याला लागतेय,
दोर आपटल्याचा आवाज.
वाटांच्या फायलीत पाटांची नावं खोडून
आता नंबर लिहायचेत.
सुन्वा पेन्सिल घेते, आधी वहीत उतरवू लागते.
सातवं अक्षर आठ की बी,
पडद्याजवळ वाकून बघते.